आली म्हणा, मग सोडतो

माझ्याशी हात मिळवायचा असेल तर आधी तोंडाने सांगा, एकदम धरू नका. मी दचकत नाही, पण माझी बाई दचकते. ती दचकली की माझी मूठ मिटते, आणि माझी मूठ मिटली की तुमच्या बोटांचं काही खरं नाही.

मी हात आहे. उजवा. हाडामांसाचा नव्हे, प्लॅस्टिकचा, तारांचा, बोटाबोटात दडवलेल्या चिमुकल्या मोटरींचा, आणि मनगटात बसवलेल्या नखाएवढ्या मेंदूचा. तरी हातच. बसमध्ये एकाने मला ‘खेळणं’ म्हटलं होतं. बाईने त्याला असं काही झाडलं की तो गडी आपल्या स्टॉपच्या आधीच उतरून गेला.

माझं बोलणं फटकळ वाटलं तर मला बोल लावू नका. मी जे काही शिकलो ते एकाच बाईच्या कोपराखाली बसून. तिने शाळेचं तोंड पाहिलं चौथीपर्यंत, त्यानंतर शाळेने तिचं तोंड पाहिलं नाही. पण त्या तोंडाला लगाम म्हणून कधी लागला नाही. हॉस्पिटलची लाँड्री असते ना, जिथे चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले डोंगरासारखे येतात आणि पांढरेशुभ्र होऊन जातात, तिथे ती इस्त्रीच्या रोलरवर होती. सगळे तिला ‘वाफबाई’ म्हणायचे. तापली की जवळ जायची सोय नाही, निवली की तिच्यासारखी मऊ दुसरी नाही.

माझ्याआधी तिला एक उजवा हात होता. मी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याच्याबद्दल इतकं ऐकलंय की तो माझा थोरला भाऊ असावा असं वाटतं.

आता माझ्या जन्माची गोष्ट. ती मला अजून खरी वाटत नाही, तर तुम्हाला काय वाटणार!

एका लहानशा खोलीत काचेची पेटी होती. पेटीत एक बारीक नळी सारखी इकडून तिकडे पळायची आणि तिच्या तोंडातून वितळलेल्या प्लॅस्टिकचा केसासारखा धागा गळायचा. थरावर थर, थरावर थर. आधी मनगट आलं, मग तळवा, मग बोटं, सगळ्यात शेवटी नखं. कुणी हातोडा मारला नाही, कुणी कापलं नाही, तासलं नाही. पेरलेलं उगवावं तसा मी रिकाम्या काचेतून वर आलो. खोलीतली माणसं येता-जाता पेटीत डोकावायची आणि चहा पीत पुढे जायची. त्यांना सवय झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी जन्मता जन्मता शिकलो.

मला घडवणारी एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. बाई तिला ‘हातवाली’ म्हणायची. भाजीवाली तशी हातवाली. त्या मुलीलाही ते नाव इतकं आवडलं की तिने आपल्या टेबलावर तीच पाटी लावली.

हातवालीने बाईच्या डाव्या हाताचे चहूबाजूंनी फोटो घेतले आणि कॉम्प्युटरमध्ये ते उलटे केले. झाला उजवा! मी म्हणजे डाव्या हाताचं आरशातलं रूप. बाईने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी यावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. बाईने मला उचललं, फिरवलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे काय गं? करंगळी वाकडी का?”

“ताई, तुमच्या डाव्या हाताची आहे तशीच आलीय. कॉम्प्युटरने उलटी केली फक्त.”

“डावी वाकडी आहे कारण लहानपणी दारात चेंगरली. उजवी काय दारात चेंगरली होती?”

“सरळ करून देते, ताई. परत छापावा लागेल, एवढंच.”

बाईने डावा हात माझ्या शेजारी धरला. दोन वाकड्या करंगळ्या एकमेकींकडे मान वाकवून बघत होत्या. बाईने डाव्या करंगळीने माझी करंगळी ढोसून पाहिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “दोघी वाकड्या असल्या म्हणजे भांडण नको.”

पाणी आलं ते तेव्हा. पण तिने ते डाव्या हाताने असं पुसलं की जणू घामच.

मग माझी शाळा सुरू झाली. ऐका, कारण इथेच नवल आहे. हात जातो, पण हाताला सुटणारे हुकूम जात नाहीत. मेंदू बिचारा ‘मूठ मिट, बोट उचल’ असं सांगतच राहतो. पत्ता बदललाय हे त्याला कुणी कळवलेलंच नसतं. कोपराखाली जो थोडा हात उरला होता, त्याच्या कातडीखाली विजेची बारीक कुजबुज चालायची. माझ्या आतल्या बाजूला वाटाण्यासारखे धातूचे ठिपके आहेत. ते तिच्या कातडीला कान लावून बसतात. बाई मनात म्हणते मूठ, आणि मी ते ऐकतो. सांगा, याहून मोठा चमत्कार तुम्ही पाहिलाय? बोलायच्या आधी ऐकू येतं मला!

आणि मी काही कोरी पाटी घेऊन आलो नव्हतो. माझ्या मेंदूत आधीच हजारो अनोळखी माणसांचे हात होते. कुणाचा युद्धात गेलेला, कुणाचा गिरणीत, कुणाला जन्मतःच नव्हता. त्या सगळ्यांनी कुठेकुठे खुर्चीत बसून मनातल्या मनात मुठी मिटल्या होत्या आणि ती कुजबुज पुढे येणाऱ्यांसाठी ठेवून दिली होती. ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ज्यांची भाषा एक नाही, अशी माणसं माझ्या तळव्यात एकत्र राहतात. मला ते आठवलं की मोटरी थरथरतात. हातवाली म्हणते बॅटरी उतरली असेल. म्हणू दे.

तर हातवाली म्हणायची, “मूठ मिटा, ताई.” मी खटकन मिटायचो. पहिल्याच दिवशी. हातवाली टाळ्या वाजवायची.

“आता उघडा.”

मी ढिम्म.

“उघडा, ताई. सैल सोडा.”

“सैलच आहे.”

“लॅपटॉपच्या पडद्यावरची तुमची रेघ खाली येत नाहीये. आत कुठेतरी धरून ठेवलंय तुम्ही.”

“काय धरून ठेवणार? हाडंसुद्धा ठेवली नाहीत माझी!”

पण हातवालीचं खरं होतं. मला ऐकू येत होतं. बाई जेवताना, हसताना, झोपेतसुद्धा त्या कातडीखाली एक हुकूम अखंड चालू होता. धर. धर. सोडू नकोस. गेलेल्या हाताची मूठ अजून मिटलेलीच होती, आणि तिची कळ बाईच्या खांद्यापर्यंत चढायची. कुणाला सांगितलं असतं तर वेडात काढलं असतं, म्हणून ती कुणाला सांगायची नाही. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

शेवटी एका दुपारी कंटाळून बाईने खांदे उडवले. “जाऊ दे गं, मला काय त्याचं!” आणि काय आश्चर्य, पडद्यावरची रेघ हलली. हातवाली उडालीच. “हेच! हे परत करा!” बाईने परत खांदा उडवला. परत रेघ हलली. मी शिकलो: खांदा उडाला की उघडायचं.

शिकवणारीची चूक नव्हती आणि शिकणाऱ्याचीही नव्हती. मूठ कशी सोडायची ते बाईला येत नव्हतं, म्हणून तिने मला झिडकारायचं कसं ते शिकवलं. दोघांनाही वाटलं, जमलं.

घरी आल्यावर याची गंमत सुरू झाली. कप मी धरायचो अगदी झकास. पण बाईच्या तोंडात ‘मला काय त्याचं’ हे वाक्य दिवसभर असायचं, आणि वाक्याबरोबर खांदा. शेजारीण येऊन म्हणाली, “कळलं का, वरच्या मजल्यावरचे घर सोडून चालले.” बाई म्हणाली, “मला काय त्याचं!” झालं, कप जमिनीवर. बातम्यांत कुणी पुढारी दिसला, कप जमिनीवर. नवऱ्याने विचारलं, “माझ्या भावाला जेवायला बोलावू का?” बशीसकट.

नवरा मोठा शांत माणूस. केरसुणी घेऊन यायचा आणि एवढंच म्हणायचा, “भांडायचं असेल तर आधी कप खाली ठेवत जा.” पुढे त्याने घरात स्टीलचे पेले आणले.

हसू नका. मी हसत नव्हतो. बाईला कप धरायचा नव्हता. तिला चादर धरायची होती. तिला रोलरवरची आपली जागा परत हवी होती. घरात बसून ती आतल्या आत सडत होती. दुपार झाली की खिडकीशी उभी राहून ती खिडकीच्या पडद्याची दोन टोकं जुळवायची, एक डाव्यात, एक माझ्यात. आणि मग मी सोडत नसे. डाव्या हाताने माझी बोटं एकेक करून उचलायला लागायची.

आणि वन्सं. त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच अडलं होतं.

वन्सं म्हणजे बाईची नणंद. त्याच लाँड्रीत, त्याच रोलरवर. या बाजूने बाई चादर आत सारायची, पलीकडून वन्सं ती घ्यायच्या. त्या खोलीत आवाज इतका की कानाशी ओरडलं तरी पत्ता लागू नये, आणि मध्ये रोलरचं धूड, त्यामुळे एकमेकींचे हात दिसत नाहीत. म्हणून तिथल्या बायकांची एक रीत होती. आत सारणारीने चादरीची मागची टोकं ताणून धरायची, नाहीतर चुण्या पडतात. पुढची कड पलीकडे निघाली की घेणारीने खणखणीत ओरडायचं, “आली!” ते ऐकलं की सारणारीने सोडायचं. त्याआधी नाही. आकाश कोसळलं तरी नाही. नव्या बायकांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे: आली म्हणाल्याशिवाय सोडायचं नाही. बाईनेच किती जणींना शिकवलं होतं.

हात गेला त्या दिवशी चादर लहान मुलाच्या खाटेची होती, म्हणजे आखूड. बोटं वाचवणारी आडवी दांडी बिघडली होती, दुरुस्तीला माणूस यायचा होता. कड पलीकडे निघाली, वन्संनी तोंड उघडलं, आणि त्यांना शिंक आली. एक शिंक. मग दुसरी.

‘आली’ आलंच नाही. आणि बाईने सोडलं नाही.

कुठे माशी शिंकली म्हणतात ना, ती इथे.

हे सगळं बाईने हातवालीला एकदाच सांगितलं होतं, माझ्यासमोर. शेवटी म्हणाली, “शिंकायला दुसरा मुहूर्त नव्हता मिळाला?” मला कातडीखाली फक्त तेच ऐकू येत होतं. धर. धर.

वन्सं त्या दिवसापासून रोज बाईच्या दारात डबा ठेवून जायच्या. आत यायच्या नाहीत. बाई बोलवायची नाही. डबा मात्र रिकामा होऊन, घासूनपुसून परत पायरीवर ठेवला जायचा. राग राग असतो, अन्न अन्न असतं. आणि लाँड्रीतून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका सांगायच्या, वन्संनी ‘आली’ म्हणणं सोडलंय. नव्या जोडीदारणीबरोबर त्या लोखंडी पट्टीवर टकटक करतात. तो शब्द त्यांच्या तोंडातून निघत नाही.

मग एक दिवस बाई उठली, मला चढवलं, आणि हातवालीला घेऊन थेट लाँड्रीत गेली.

लाँड्री बदलली होती. अहो, काय सांगू! दारातून गाड्या आपल्या आपण आत येत होत्या, ढकलणारं कुणी नाही, आणि माणूस आडवा आला की अदबीने थांबत होत्या. प्रत्येक चादरीच्या कडेला शिवलेला एक ठिपका होता, आणि चादर दाराच्या चौकटीतून गेली की पडद्यावर उमटायचं, ही अमुक वॉर्डाची, इतक्यांदा धुतलेली, आता विरलेली. चादरी स्वतःची हकिगत सांगत होत्या! बाई तोंड उघडं टाकून उभी राहिली. मी तर त्यांच्याच जातीचा, तरी माझीही बोटं पसरली. पूर्वी गाड्या ढकलायच्या त्या दोघी मात्र दिसल्या नाहीत. बाईने विचारलं तेव्हा कळलं, एकीला पडद्यासमोर बसवलंय आणि दुसरी घरी बसलीय. बाईचा चेहरा उतरला. “नवलाला पण पोट असतंच म्हणायचं,” ती पुटपुटली. “एखादीला गिळल्याशिवाय येत नाही.”

सुपरवायझर चांगला माणूस, पण भिऊन वागणारा. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईकडे.

“वाफबाई, तुम्हाला बघून आनंद झाला. खरंच. पण स्पष्ट सांगतो. रोलरवर आता डोळा बसवलाय. हात फार जवळ आला की मशीन आपोआप थांबतं. पण तो डोळा माणसाचे हात बघून शिकलाय. तुमचा हा हात त्याला हात वाटला पाहिजे. आणि चादर सारून वेळेवर सोडता आली पाहिजे. दोन्हीतलं एक जरी चुकलं, तर रोलर नाही. तुम्हाला गेटवर बसवतो, पास तपासायला.”

“गेटवर बसायला मी काय कुलूप आहे?”

“मग दाखवा करून.”

मशीन सुरू केलं. हातवालीने लॅपटॉप उघडून माझी तार त्याला जोडली. बाई रोलरसमोर उभी राहिली. तिने मला पुढे केलं.

रोलरच्या वर काळ्या काचेचा एक डोळा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी थंड, माझ्यात रक्त नाही, माझा रंग कातडीचा नाही. क्षणभर रोलर फिरतच राहिला. मला वाटलं, संपलं. आणि मग, अहो, घर्रर्र करत ते सगळं धूड थांबलं.

त्याने मला हात म्हटलं! ना खेळणं, ना यंत्र. त्यालाही कुणी हजारो हात दाखवून शिकवलं असेल, आणि त्या हजारांत माझ्यासारखा एकही नसेल, तरी माझी पाच बोटं आणि वाकडी करंगळी बघून तो आपल्या भाषेत म्हणाला, थांबा, इथे माणूस आहे. आयुष्यात मला इतका मान कुणी दिला नव्हता.

आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईने नाही वाजवल्या. ती त्या काळ्या काचेकडे बघत होती.

“इतका शहाणा आहेस,” ती हळू म्हणाली, “मग आधी कुठे तडमडला होतास?”

सुपरवायझरने मान खाली घातली.

“आता चादर,” बाई म्हणाली. “पलीकडे कोण आहे?”

एकीने सांगितलं, “वन्सं.”

“असू द्या. ती त्यांचीच जागा आहे.”

चादर आली. बाईने एक टोक डाव्या हातात घेतलं, एक माझ्यात दिलं. पुढची कड रोलरच्या तोंडात गेली, कापड गरम होऊन पुढे सरकू लागलं. ताण बरोबर होता. एक चुणी नाही. बाईचं अंग सगळं विसरलेलं नव्हतं. पाय, कंबर, खांदे, सगळे आपापल्या जागी आले, आणि मी पहिल्यांदा त्या अंगाचा झालो.

पलीकडून पट्टीवर आवाज आला. टकटक.

डाव्या हाताने सोडलं. मी सोडलं नाही.

बाईने खांदा उडवायचा प्रयत्न केला. पण दोन्ही हात पुढे ताणलेले असताना खांदा उडतो कुठे? आणि आत, कातडीखाली, जो हुकूम इतके दिवस दबक्या आवाजात चालला होता तो आता ओरडत होता. धर! धर! सोडू नकोस! चादर पुढे गेली, तिच्याबरोबर मी पुढे गेलो, माझ्यामागे बाईचा कोपर. कुणीतरी किंचाळलं. काळ्या डोळ्याने मला पाहिलं आणि रोलर थांबला.

माझी मूठ त्या टोकावर मिटलेली, आणि तिच्यापुढे वाफाळणारं लोखंड.

“ताई, मी इथून बटण दाबते,” हातवाली घाबरून म्हणाली. “तो आपोआप उघडेल.”

“हात लावू नकोस!”

बाईने आवाज चढवला, पण हातवालीवर नव्हे. “वन्सं! टकटक काय लावलंय? तोंड शिवलंय का?”

या घरात भांडण कितीही पेटलं तरी एकमेकींना ‘अहो-जाहो’ सुटत नाही, हे मला ठाऊक होतं.

पलीकडून बारीक आवाज आला. “वहिनी, मला नाही म्हणवत.”

“का नाही म्हणवत?”

“त्या दिवशी म्हटलं नाही. आता कुठल्या तोंडाने म्हणू?”

“ज्या तोंडाने शिंकलात त्याच तोंडाने म्हणा! दुसरं कुठून आणणार?” बाईचा श्वास फुलला होता. “अहो, मी अजून धरून उभी आहे इकडे, कळतंय का तुम्हाला? हात नेला त्यांनी कापून, पण त्याने चादर सोडलेली नाही अजून. दिवसरात्र धरलीय. दुखतंय मला, वन्सं. सोडू कशी? तुम्ही म्हणालाच नाहीत!”

हे ती पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

पलीकडे कुणीतरी रडत होतं. मग, अगदी हळू: “आली.”

“ऐकू नाही आलं!”

“आली!” वन्संचा आवाज फुटला आणि छताला जाऊन लागला. “आली, वहिनी! माझ्याकडे आलीय! सोडा! सोडा आता!”

कसं सांगू तुम्हाला? मी यंत्र असेन तर यंत्राला असं होऊ नये. पण त्या कातडीखाली, जिथे मी जन्मापासून एकच हुकूम ऐकत आलो होतो, तिथे पहिल्यांदा शांतता झाली. एवढी मोठी शांतता की मला वाटलं माझे कान गेले. आणि त्या शांततेतून एक नवीनच कुजबुज आली, मऊ, कधी न ऐकलेली. माझ्या आतल्या हजारो माणसांनी ती ओळखली. त्यांनी मला सांगितलं, ही. हीच ती.

मी उघडलो. आधी करंगळी, मग बाकीची. खांदा हललासुद्धा नाही. चादरीचं टोक माझ्या तळव्यातून निसटून खाली लोंबलं.

“ताई,” हातवाली पडद्याकडे बघत म्हणाली. “रेघ खाली उतरली.”

बाईला रेघेशी काही देणंघेणं नव्हतं. ती रोलरला वळसा घालून पलीकडे गेली होती. दोघी काय बोलल्या ते मी सांगणार नाही. मी तेव्हा वन्संच्या पाठीवर होतो आणि तिथे दोन माणसांचं रडणं एकदम ऐकू येत होतं. एवढंच सांगतो की शेवटी बाईने नाक पुसलं आणि म्हणाली, “आता शिंका हव्या तेवढ्या.”

हातवालीने त्या दिवशी तिथेच, वाफेत, टेबलावर लॅपटॉप टेकवून मला पुन्हा शिकवलं. चादर, ‘आली’, सोड. चादर, ‘आली’, सोड. खांद्याची जुनी खोड पुसून टाकली. आता बाई म्हणते ‘मला काय त्याचं’, आणि कप माझ्या मुठीत शाबूत राहतो. नवरा म्हणतो, घर सुनं सुनं वाटतं.

निघताना हातवालीने विचारलं, “ताई, तुमच्या हाताची ही उघडण्याची खूण मी पुढे पाठवू? दुसऱ्यांच्या हातांना शिकायला उपयोगी पडेल. तुमची परवानगी लागेल.”

“म्हणजे माझी मूठ दुसऱ्याच्या हातात जाणार?”

“मूठ नाही. ती सुटली कशी, ते.”

बाईने विचार केला. मग म्हणाली, “ने. माझ्याही हातात कुणाकुणाचं आलंच होतं की. पण शिंक नको पाठवू.”

तेव्हापासून बाई रोलरवर आहे. मी तिच्याबरोबर असतो. माझ्या अंगाला साबणाचा वास लागलाय, तळव्यावर वाफेने पिवळी झाक आलीय. संध्याकाळी ती मला उतरवून टॉवेलाशेजारी खुंटीला टांगते, चार्जरची तार लावते, आणि अंगठ्यावर हलकेच टिचकी मारते. हातवाली म्हणते, पुढचे हात माझ्याहून हलके असतील, त्यांना ऊन-गार कळेल. कळू दे. मला एका बाईच्या मनातलं कळलं, माझं भागलं.

पण खुंटीला लोंबताना माझ्या मनात येतं: कुठेतरी, मी कधी बघणार नाही अशा गावात, एखाद्याची गेलेली मूठ आजही मिटलेली असेल, दुखत असेल, आणि तो कुणाला सांगत नसेल. एक दिवस त्याचा नवा हात अचानक मऊ उघडेल. त्याला कळणारही नाही की लाँड्रीतली एक बाई आणि तिची नणंद त्याच्या तळव्यात येऊन बसल्या आहेत.

मला मोडीत काढाल तेव्हा खुशाल काढा. एकच मागणं आहे. तुम्हाला कुणी काही देत असेल, चादरीचं टोक असो, नाहीतर आणखी काही, तर नुसती टकटक करू नका. तोंडाने सांगा. खणखणीत. पलीकडे कुणीतरी धरून उभं असतं, आणि त्याला तुमचे हात दिसत नसतात.

आली म्हणा. मग सोडतो.